गुरुवारचे चिलखत

फाल्गुन वद्य षष्ठी जवळ आली की आमच्या शहरात औरंगपुऱ्यातल्या नाथ मंदिरात कीर्तनाला बसायला जागा मिळणे कठीण होते. बऱ्याच वर्षांपूर्वी तिथे ऐकलेले एक कीर्तन मला कानांपेक्षा डोळ्यांनीच जास्त आठवते. उत्तररंगाला बुवांनी देवगिरीचे आख्यान लावले होते. एकनाथ गुरूचे चिलखत अंगावर चढवतो, त्या जागेवर बुवा थांबले. खांद्यावरचे उपरणे काढून त्यांनी कमरेला करकचून आवळले. मृदंग वाजू लागला, दोन-चार आवर्तनांत लढाई झाली, शत्रू पळाला. मग बुवांनी गाठ सोडली. उपरण्याच्या सुरकुत्या हाताने सारख्या केल्या, काठाला काठ लावून चौपदरी घडी घातली आणि ती पूर्वीसारखी खांद्यावर ठेवली. या साऱ्याला त्यांनी इतका वेळ घेतला की समोरची लहान मुले चुळबुळ करू लागली. लढाईपेक्षा घडीलाच जास्त वेळ लागला. त्या घडीचा अर्थ शोधण्यात माझी पुढची बरीच वर्षे गेली. हे लेखन त्याच शोधातून आले आहे.

कथा थोडक्यात सांगतो, कारण तिचे सारे बळ थोडकेपणातच आहे. देवगिरीचे, म्हणजे दौलताबादचे किल्लेदार जनार्दनस्वामी. मूळचे चाळीसगावचे देशपांडे, निजामशाहीचे चाकर आणि दत्ताचे भक्त. गुरुवार हा दत्ताचा वार. त्या दिवशी त्यांची कचेरी बंद असे आणि ही मुभा दरबारानेच दिलेली होती, असे परंपरा सांगते. अशा एका गुरुवारी स्वामी समाधी लावून बसलेले असताना किल्ल्यावर परचक्र आले. गडावर एकच धावपळ उडाली आणि माणसे हुकूम घ्यायला स्वामींच्या दाराशी आली. दारात होता पैठणहून गुरूच्या शोधात आलेला, आईबापाविना वाढलेला, पोरसवदा एकनाथ. त्याने आत वर्दी दिली नाही. गुरूचे चिलखत घातले, शिरस्त्राण चढवले, हत्यार घेतले आणि गुरूच्याच घोड्यावर बसून बाहेर पडला. शिबंदीला वाटले, किल्लेदारच आले. लढाई झाली, शत्रू हटला. एकनाथ परत आला, चिलखत उतरवून होते तिथे ठेवले आणि रोजच्या सेवेला लागला. स्वामी उठले तेव्हा तो काही बोलला नाही. झाले ते त्यांना दुसऱ्यांकडून कळले.

एवढेच. नाथांची जी चरित्रे आपल्या हाती आहेत ती त्यांच्या जलसमाधीनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी रचली गेली: केशवांचे १७६० च्या सुमाराचे, महिपतींची त्यानंतरची. तेव्हा कोणती लढाई, कोणते साल, कोण चालून आले होते, हे प्रश्न मी या कथेला विचारत नाही. मी तिच्याकडे लोकांनी तीन-चार शतके घासूनपुसून जपलेली एक रचना म्हणून पाहतो. आणि ज्यांना महाराष्ट्र ‘शांतिब्रह्म’ म्हणतो, त्यांच्याच चरित्रात लोकांनी ही कथा ठेवली, गाळली नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

कथेतला पहिला बारकावा गुरुवारचा आहे. परचक्र बुधवारी आले असते तर कथाच नव्हती. बुधवारी स्वामी किल्लेदार होते, ते लढले असते. गुरुवारी ते किल्लेदार नसतात. एकाच माणसाच्या आयुष्यात तलवारीचे सहा दिवस आणि समाधीचा एक दिवस, अशी वाटणी त्यांनी करून घेतली होती आणि ती प्रामाणिक होती. पण शत्रू पंचांग पाहून येत नाही. वाटणी कितीही प्रामाणिक असली तरी गुरुवारी तट कोणी राखायचा, हा प्रश्न उरतोच. धर्म म्हणून शस्त्र खाली ठेवणाऱ्या प्रत्येकापुढे, मग तो संन्यासी असो, भिक्खू असो की पंथ असो, हाच प्रश्न उभा राहतो. मी शस्त्र ठेवले; मग माझ्या दाराशी शस्त्र घेऊन जो उभा आहे, तो कोणाचा?

दुसरा बारकावा दाराशी घडतो. एकनाथापुढे सरळ वाट होती: आत जायचे, गुरूला हलवायचे. स्वामी उठले असते आणि त्यांनी उठायलाच हवे होते, असे कोणीही म्हटले असते. किल्ला त्यांच्या हवाली होता. कथाकाराने ती वाट बंद ठेवली. समाधीही मोडायची नाही आणि किल्लाही जाऊ द्यायचा नाही, दोन्ही राखायचे. दोन्ही राखायचे म्हटले की त्याचे मोल तिसऱ्या कोणालातरी मोजावे लागते. इथे ते एका पोराने मोजले. आपण गुरुभक्तीच्या भरात हे मोल पाहत नाही. ध्यानाला बसायला आलेला मुलगा ध्यान सोडून रणात गेला, ते कशासाठी? दुसऱ्याचे ध्यान अखंड राहावे म्हणून.

तिसरा बारकावा त्या चिलखताचा. ते त्याचे नाही. त्याच्या मापाचेही नसणार. बुवांनी त्या संध्याकाळी खांदे थोडे आक्रसून ते दाखवले होते. स्वतःच्या नावाने तो लढत नाही. जिंकला तर किल्लेदार जिंकले, हरला तर किल्लेदार हरले. जनार्दनस्वामींच्या आयुष्यात त्या दिवशी दोन जनार्दन होते: एक आत निश्चल बसलेला, एक बाहेर घोड्यावर. नाथांनी पुढे आयुष्यभर आपल्या रचनांखाली स्वतःच्या नावाला गुरूचे नाव जोडून ‘एका जनार्दनी’ अशी मुद्रा घातली. ती वाचताना मला हा दिवस आठवतो. काव्यात जोडलेले नाव इथे आधी अंगावर चढले होते.

आणि मग ते मौन. परत येऊन तो सांगत नाही. हे मौन नम्रतेचे आहे, असे निरूपणात सांगतात. ते खरे आहे, पण मला त्यात आणखी काही ऐकू येते. सांगितले असते तर स्वामींची समाधी मागे जाऊन मोडली असती. आपण शांत बसलो होतो तेव्हा आपल्या नावाने रक्त सांडत होते, हे ज्याला कळते त्याचा तो गेलेला गुरुवार पूर्वीसारखा राहत नाही. एकनाथाने गुरूला ते ओझे द्यायचे टाळले. पण कथा त्याच्यावर ताण करते आणि दुसऱ्यांच्या तोंडून ते स्वामींपर्यंत पोचवतेच. स्वामी प्रसन्न झाले, असे चरित्रकार सांगतात. ते ऐकताना माझ्या मनात येते की प्रसन्नतेआधी एक क्षण तरी ते गप्प बसले असतील.

देवगिरीवर जाऊन ही कथा वाचली पाहिजे. औरंगपुऱ्यापासून तो किल्ला १५ किलोमीटरवर आहे. तासलेला खडक, खोल खंदक, आत शिरायला एकच अरुंद वाट आणि मग ती अंधारी, जिथे भर दुपारी पुढच्या माणसाची पाठ दिसत नाही. चालून येणारा माणूस वाट चुकावा, आपल्याच माणसावर वार करावा, यासाठी दगडात कोरलेला काळोख. त्याच्याही वर, माथ्याजवळ, जनार्दनस्वामींची गुहा आणि पादुका. अंधारी ओलांडल्याशिवाय त्या पादुकांपर्यंत जाता येत नाही. मी दर वेळी तिथे धाप टाकत पोचतो आणि दर वेळी मला हेच जाणवते की ही शांतता सगळ्या किल्ल्याच्या आत ठेवलेली आहे. गुहेतल्या माणसाच्या ध्यानाभोवती खंदक आहे, बुरूज आहेत, तोफा आहेत. तो ते विसरू शकतो. किल्ला विसरत नाही.

याच किल्ल्यातली नाथांची दुसरी कथा सगळ्यांना पाठ आहे. गुरूने त्याला हिशेबाचे काम दिले होते. एका पैचा मेळ बसेना, तेव्हा एकनाथ रात्रभर दिवा लावून वह्या चाळत बसला आणि पहाटे ती पै सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. एका पैसाठी एवढी एकाग्रता, तर तीच देवाकडे वळव, असा बोध गुरूने केला. शाळेत ही गोष्ट चिकाटीची म्हणून शिकवतात. मी ती चिलखताच्या कथेशेजारी ठेवतो, कारण या गडाला हिशेबाच्या चुकीची जुनी जखम आहे. १२९६ साली अलाउद्दीन खलजीने वेढा घातला तेव्हा रामदेवरायांच्या माणसांनी धान्य म्हणून गडावर चढवलेल्या पोत्यांत मीठ निघाले, असे सांगतात. अजिंक्य तट तसाच उभा राहिला आणि आतली माणसे उपाशी पडली. तेव्हा या गडावर दफ्तर आणि तलवार ही दोन वेगळी खाती नव्हती. पै शोधणारा मुलगा किल्ल्याचेच रक्षण शिकत होता.

म्हणूनच मला कथेतली एक पोकळी बोचते. एका पैसाठी रात्र जागवणारा हा हिशेबनीस त्या गुरुवारचा हिशेब देत नाही. किती पडले? दोन्ही बाजूंचे कोण होते? परत आणलेल्या चिलखतावर काय लागले होते आणि ते कोणी पुसले? कथेतल्या शत्रूला चेहरा नाही, नाव नाही, गाव नाही. तो येतो आणि हटतो. आख्यानाच्या ओघात आपल्याला ते चालते. एरवी नाथांच्या साहित्यात चेहरा नसलेला माणूस सापडत नाही. त्यांच्या भारुडांत जोशी बोलतो, गारुडी बोलतो, महार बोलतो, आंधळा-पांगळा बोलतो; हिंदू-तुर्क संवादात दोघे समोरासमोर उभे राहून कडाडून भांडतात आणि शेवटी एकमेकांना भेटतात. ज्याने प्रत्येकाला वाचा दिली त्याच्याच चरित्रातला हा शत्रू मुका राहिला. मी याला कथेचा दोष म्हणत नाही. ही तिची जखम आहे, आणि मला वाटते पुढचे सारे चरित्र ती जखम भरून काढते.

आता महिपतींविषयी थोडे, कारण ही कथा घरोघर पोचवणाऱ्यांत ते मोठे. ताहराबादचे हे कुलकर्णी. पूजेला बसले असताना जहागीरदाराचा शिपाई कामाला बोलवायला आला. पूजा संपवून येतो म्हटले तर तो ऐकेना. ते गेले, काम केले, घरी आले आणि लेखणी विठ्ठलापुढे ठेवून म्हणाले की आता ही संतांखेरीज कोणासाठी चालणार नाही. पुढे त्यांनी वंशजांनाही तोच दंडक घातल्याचे सांगतात. दाराशी आलेल्या शिपायाने पूजा मोडली, हा अनुभव ज्याच्या हाडात आहे, त्याला देवगिरीच्या दाराशी उभ्या राहिलेल्या त्या मुलाचे मोल वेगळे सांगायला नको. महिपतींच्या दारात कोणी एकनाथ नव्हता.

सत्ता सांभाळणाऱ्या शांतिवादी मंडळींनी या पेचातून काढलेली एक वाट मला इथे आठवते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात क्वेकर पंथाचे लोक विधिसभेत बहुमतात होते. युद्ध म्हणजे पाप, ही त्यांची श्रद्धा होती. १७४५ साली लढाईसाठी मदत मागितली गेली तेव्हा त्यांनी दारूगोळ्याला पैसे नाकारले, पण पाव, पीठ, गहू आणि ‘इतर धान्य’ यांसाठी चार हजार पौंड मंजूर केले. गव्हर्नराने त्या ‘इतर धान्या’त बंदुकीची दारू धरली, कारण दारूचाही दाणाच असतो, आणि सभेने हरकत घेतली नाही. बेंजामिन फ्रँकलिन यांनी आत्मचरित्रात हे नोंदवले आहे. देवगिरीला धान्य म्हणून मीठ निघाले, तिथे धान्य म्हणून दारू. त्या माणसांची ओढाताण मला खरी वाटते, पण त्यांनी शोधलेली सोय मला मान्य होत नाही. शब्दाच्या आड हात स्वच्छ राहत नाहीत. अकरा वर्षांनी, १७५६ मध्ये, त्यांच्यातल्या अनेकांनी सभेतल्या जागा सोडल्या. राज्यही करायचे आणि शस्त्राशी संबंध नाही असेही म्हणायचे, हे त्यांच्याच मनाला पटेनासे झाले. मला तो राजीनामा त्या ठरावापेक्षा फार मोठा वाटतो.

आमच्याकडे या प्रश्नाची शास्त्रीय मांडणी झाली नाही असे नाही. वेरूळला ज्यांची लेणी आहेत त्या जैनांच्या श्रावकाचारात हिंसेचे चार प्रकार केले आहेत. गृहस्थाने संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची, पण आक्रमणापासून वाचण्यासाठी घडणारी विरोधी हिंसा त्याला सर्वस्वी सोडता येत नाही, हे मान्य केले आहे. या शहराला नागसेनवन देणाऱ्या बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धाची अहिंसा समजावताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नाही, असे त्यांचे म्हणणे. विचार म्हणून हे मला मोलाचे वाटते. पण कथा विचारासारखी भेद करून मोकळी होत नाही. ती माणसाला दाराशी उभे करते आणि पुढे त्याचे काय झाले, हे सांगत राहते.

पुढे काय झाले? गुरूने एकनाथाला शूलिभंजनाच्या डोंगरावर तपाला पाठवले, मग तीर्थयात्रा झाली आणि नाथ पैठणला येऊन संसार करू लागले. इथून मलाही त्यांना एकेरी म्हणवत नाही. गिरिजाबाईंशी लग्न, मुले, घरी रोज अन्नदान, रात्री कीर्तन. आणि इथे ती कथा येते जी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. गोदावरीचे स्नान करून येणाऱ्या नाथांवर एक यवन वरून थुंकतो. नाथ परत नदीवर जातात. तो पुन्हा थुंकतो. असे एकशे आठ वेळा, असे परंपरा मोजते. शेवटी थुंकणाराच थकतो, पाय धरतो आणि नाथ त्याला म्हणतात की तुझ्यामुळे आज एवढी गोदास्नाने घडली.

ही कथा सहसा सहनशीलतेची म्हणून ऐकतात. मी ती चिलखताच्या कथेनंतरची म्हणून ऐकतो, आणि तिचा रंग बदलतो. या माणसाला तलवार धरता येत होती. घोड्यावर बसून सैन्य बाहेर काढता येत होते. त्याची शांती अशक्ताची नव्हती, हे तर झालेच; पण याहून मोठी गोष्ट अशी की ज्याने एकदा दुसऱ्याची शांती आपल्या अंगावर घेऊन राखली, त्याने आपली शांती राखायचे काम पुढे कोणावरही टाकले नाही. पैठणच्या घाटावर नाथांच्या बाजूने कोणी लढत नाही. शिष्य काठ्या घेऊन धावत नाहीत, कोतवालाकडे फिर्याद जात नाही. थुंकी त्यांच्याच अंगावर पडते आणि ते स्वतःच पाण्यात उतरतात. देवगिरीला मोल एकाने मोजले आणि समाधी दुसऱ्याची होती. इथे दोन्ही एकाच देहात आले. आणि शत्रूला चेहरा मिळाला. तो वाड्याच्या माडीवर बसला आहे, त्याचा हेका आहे, त्याचा थकवा आहे, शेवटी त्याची लाजही आहे. बोलणे होते. जो गुरुवारी नुसता हटला होता, तो इथे थांबतो.

नाथांनी ज्या ग्रंथावर टीका लिहिली त्यातच ही कथा दडलेली आहे, हे फार थोडे लोक सांगतात. भागवताच्या एकादश स्कंधात तेविसाव्या अध्यायात भिक्षुगीत आहे. कंजूष म्हणून हिणवला गेलेला, सर्वस्व गमावलेला एक ब्राह्मण भिक्षू होतो. गावगुंड त्याची भिक्षा विटाळतात, त्याच्यावर थुंकतात, आणि तो माझ्या दुःखाला ही माणसे कारण नाहीत, माझे मनच कारण आहे, असे गात राहतो. दुर्जनांचे बोल सोसायचे कसे, हा उद्धवाचा प्रश्न. त्यावर कृष्णाने दिलेले हे उत्तर. नाथांनी हा ग्रंथ १५७३ मध्ये काशीत पुरा केला. त्यांचे चरित्र सांगणाऱ्यांनी भिक्षू उचलून पैठणच्या घाटावर आणला, की घाटावरचे नाथच त्या अध्यायाचे भाष्य झाले? मला ठरवता येत नाही, आणि ठरवण्याची घाईही नाही. एक मात्र पाहावे. हा शांतीचा स्कंध सुरू होतो यादवांना झालेल्या शापाने आणि संपत येतो तेव्हा यादव समुद्रकाठी एरकेच्या गवताने एकमेकांना मारून संपतात. ज्याच्याभोवती एवढे सैन्य होते त्या कृष्णापाशी शेवटी कोणी नसते. व्याध बाण मारतो आणि कृष्ण त्याला अभय देतो. नाथांनी हे सारे एकतीस अध्याय लिहिले. शांतीच्या दोन्ही काठांना रक्त आहे, हे त्यांनी ओवीओवीने पाहिले होते.

घाटाजवळच्या वाळवंटातले दुसरे चित्र याहून लहान आहे. तापलेल्या वाळूत एक महाराचे मूल आईमागे रडत पडले आहे. नाथ ते उचलून कडेवर घेतात, नाक-डोळे पुसतात आणि महारवाड्यात नेऊन सोडतात. हेही रक्षणच. इथे चिलखत म्हणून त्यांचे स्वतःचे अंग आहे, आणि त्या अंगाला विटाळ झाला म्हणून गाव त्यांच्यावर उलटतो, तेव्हाही वार त्यांच्यावरच येतो.

पण इथे थांबलो तर मी माझ्याच शहराशी खोटे बोललो असे होईल. स्वतःवरची थुंकी सोसता येते. शेजाऱ्याच्या घराला लागलेली आग माझ्या सहनशीलतेने विझत नाही. औरंगपुऱ्यात नाथ मंदिर आहे, तसे सरस्वती भुवनाचे आवार आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामातले गोविंदभाई श्रॉफ त्या संस्थेचे दीर्घकाळ धुरीण होते. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे भगवी वस्त्रे घातलेले संन्यासी, गांधींच्या वाटेने जाणारे, १९३८ पासून सत्याग्रही. पण रझाकारांचे अत्याचार वाढले तेव्हा सरहद्दीवर छावण्या उभ्या राहिल्या आणि त्या छावण्यांतल्या तरुणांच्या हाती बंदुका होत्या. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा निघाल्या आणि १७ ला निजामाने शरणागती पत्करली. स्वामीजी त्या वेळी तुरुंगात होते. मी ते चित्र मनाशी आणतो तेव्हा मला पुन्हा तीच खोली दिसते: आत एक संन्यासी, बाहेर रणगाडे.

आमच्या घराघरांत त्या दिवसांची कृतज्ञता आहे आणि ती माझ्यातही आहे. रात्री दाराला अडसर घालून जागणाऱ्या माणसांना फौज आल्यावर झोप लागली, हे मला ठाऊक आहे. पण या गुरुवारचाही हिशेब पुरा लिहिला गेला नाही. फौजा आल्यानंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या भागांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. पंडित सुंदरलाल, हेही गांधींच्याच वाटेचे, त्यांच्या समितीने गावोगाव फिरून मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. तो अहवाल कित्येक वर्षे लोकांसमोर आला नाही. रझाकारांनी केले तेही लिहायचे आणि नंतर झाले तेही लिहायचे. एका पैसाठी रात्र जागवणाऱ्याच्या नावाने ज्या शहरात मंदिर आहे, त्या शहराने हे दोन्ही रकाने भरायला हवेत, असे मला मनापासून वाटते.

चिलखताची कथा हल्ली दोन तऱ्हांनी वापरली जाते. कोणी ती पुढे करून म्हणतो, पाहा, संतही लढले. कोणी ती लाजेखातर वगळतो, कारण शांतिब्रह्माच्या मूर्तीला ती शोभत नाही. पहिल्याला घडी घालणे दिसत नाही, दुसऱ्याला चढवणे. मला त्या दोन्ही क्रिया एकत्र हव्या आहेत. एकनाथाने चिलखत घातले तेव्हा तो दुसऱ्या कोणाला पुढे घालून मागे बसला नाही. आणि उतरवले तेव्हा ते स्वतःचे केले नाही. गुरूने खूश होऊन त्याला सरदारकी दिल्याचे कोणी सांगत नाही. त्या दिवसानंतर त्याच्या हाती पुन्हा हत्यार आल्याचेही कोणी सांगत नाही. मोकळ्या झालेल्या त्या हातात लेखणी आली.

तीच लेखणी शेवटी युद्धापाशी परतली. उतारवयात नाथांनी भावार्थ रामायण लिहायला घेतले. पाच कांडे झाली आणि सहाव्यात, युद्धकांडात, लंकेच्या रणात ते पोचले. चव्वेचाळीस अध्याय झाले. फाल्गुन वद्य षष्ठीला, शके १५२१ मध्ये, नाथ गोदावरीत उतरले. गुरूचे देहावसानही याच तिथीचे, असे परंपरा मानते. रामायण अर्धे राहिले होते. राम आणि रावण समोरासमोर, बाण सुटलेले, आणि लिहिणारा पाण्यात शांत झालेला.

घरात गावबा नावाचा एक शिष्य होता. मंद समजला गेलेला, पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या पंगतीला राहिलेला, गुरूच्या नावाखेरीज दुसरा मंत्र न येणारा. त्याने लेखणी उचलली आणि उरलेले युद्ध त्याने लिहिले.